जुन्या ईमेल संपर्कयादीची साफसफाई : सुरुवात कुठून करावी?

पत्रपेटी (धागाकर्ता)

नमस्कार. एकच ईमेल खाते अनेक वर्षे वापरत राहिल्याने माझ्या संपर्कयादीत चार हजारांच्या आसपास पत्ते साठले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पत्ते कोणाचे आहेत हे ते समोर असूनही मला सांगता येत नाही. काही नोंदींत नाव नाही, नुसताच पत्ता आहे. काही माणसे तीन-तीनदा आली आहेत: एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये आणि एकदा लग्नापूर्वीच्या आडनावाने. काही पत्ते अशा नोकऱ्यांचे आहेत ज्या सोडून त्या माणसांना एक तप उलटले आहे. तिकिटे, पावत्या आणि पासवर्ड बदलाच्या सूचना धाडणारी, उत्तर स्वीकारतच नाहीत अशी यंत्रांची खातीही माणसांच्या शेजारी सुखाने नांदत आहेत.

पत्र लिहायला घेतले की पहिल्या दोन अक्षरांनाच नको तो पत्ता वर येतो आणि हीच यादी फोनमध्ये उतरत असल्यामुळे तिथेही शोधाशोध करावी लागते. त्यामुळे यादी एकदा नीट लावायचे ठरवले आहे. आरंभ कोणत्या टोकाकडून करावा, एखादा पत्ता अजून चालू आहे की नाही हे कसे ओळखावे आणि हे काम करून देणाऱ्या तयार अॅपांवर कितपत विसंबावे, याविषयी जाणकारांनी लिहावे. याच यादीत जुन्या सहकाऱ्यांचा सुमारे दोनशे जणांचा एक गटही आहे. त्या गटाला मी वर्षातून काही वेळा एकत्रित पत्र पाठवतो. त्याला वेगळे नियम लावावेत का, तेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद : निवांत

मुळात हा खटाटोप करावाच का, असा माझा प्रश्न आहे. गूगलच्या संपर्कयादीत पंचवीस हजार नोंदी मावतात, म्हणजे चार हजारांनी जागेची अडचण होत नाही. हवे ते नाव शोधखिडकीत टाकले की मिळते. हाताने यादी चाळायला बसलात तर आठवडे जातील, आणि जो पत्ता आज उडवाल तोच नेमका पुढच्या महिन्यात हवा असेल. नको असलेल्या नोंदी पडून राहिल्याने कोणाचेही नुकसान होत नाही, त्यामुळे त्या तशाच राहू द्याव्यात असे मला वाटते.

प्रतिसाद : तळटीप

निवांत यांच्या जागेविषयीच्या म्हणण्याशी सहमत आहे, परंतु नुकसान होत नाही हे पटत नाही. जुन्या पत्त्यांचा पहिला धोका चुकीच्या माणसाच्या हाती पत्र पडण्याचा आहे. एकाच नावाची दोन माणसे यादीत असतील, किंवा एकाच माणसाचा सोडलेल्या नोकरीतला पत्ता वर येत असेल, तर खासगी मजकूर किंवा जोडपत्र भलत्याच ठिकाणी पोहोचते आणि पाठवणाऱ्याला ते बहुधा कळतही नाही. दुसरा धोका खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यास होणारा. मार्च १९९९ मधल्या ‘मेलिसा’ या विषाणूने आउटलुकच्या पत्तावहीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवली होती, तर मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ने संपूर्ण पत्तावहीच वापरली. ओळखीच्या माणसाकडून आलेले पत्र लोक बेधडक उघडतात, हेच त्यामागचे गणित होते आणि आजच्या फसवणुकीच्या पत्रांचेही तेच आहे.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. यादी साफ करण्यापूर्वी ती कशाने भरली हे पाहावे. तुमच्या चार हजारांपैकी बहुतेक नोंदी तुम्ही स्वतः केलेल्याच नसाव्यात. जीमेलमध्ये ज्या नव्या पत्त्यावर तुम्ही पत्र पाठवता तो आपोआप ‘इतर संपर्क’ या कप्प्यात जमा होतो, थंडरबर्ड या ईमेल सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘गोळा केलेले पत्ते’ अशी स्वतंत्र वहीच असते, आणि आउटलुक तर पत्तावहीशी संबंध नसलेली सूचनांची एक निराळी यादी ठेवते. म्हणून आउटलुकमध्ये पत्तावहीतून नोंद काढली तरी टंकताना तो पत्ता पुन्हा वर येतो आणि वापरणारा चक्रावतो. तिथे सुचवलेल्या पत्त्याच्या उजवीकडे असलेली फुली दाबून तो निराळा काढावा लागतो.

सर्वप्रथम ही आवक थांबवावी. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये, ‘सर्वसाधारण’ या भागात, नवे पत्ते आपोआप साठवावेत की मी स्वतः साठवीन, असा पर्याय आहे. त्यांतला दुसरा निवडावा. हे न करता साफसफाई केल्यास वर्षभरात यादी पुन्हा पहिल्या पदावर येते.

प्रतिसाद : पत्रपेटी

तळटीप, आभार. आपण म्हणता तसेच निघाले. हेतूपूर्वक जतन केलेल्या नोंदी जेमतेम सहाशे आहेत आणि उरलेल्या सगळ्या ‘इतर संपर्क’ या कप्प्यात आहेत. त्यातच कधीकाळी वापरलेल्या आणि आता बंद झालेल्या एका समाजमाध्यमावरून एका दमात आयात केलेला गठ्ठाही सापडला. आता प्रश्न असा की तो अख्खा कप्पा एकदम रिकामा करावा की त्यातूनही काही वेचून घ्यावे?

प्रतिसाद : आकडेमोड

वेचून घ्यावे, परंतु ते पडद्यावर एकेक नोंद उघडून करू नये. आधी संपूर्ण यादी फाइलमध्ये उतरवून घ्यावी, आणि तीही दोन रूपांत: एक व्हीकार्ड (संपर्क साठवण्याचे खास रूप) आणि एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता). व्हीकार्डची फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवावी, कारण काही बिघडल्यास परत भरण्यासाठी तीच विश्वासाची आहे. सीएसव्ही ही काम करण्याची प्रत. ‘इतर संपर्क’ हा कप्पा मुख्य यादीबरोबर आपोआप उतरत नाही, तो वेगळा उतरवावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

सीएसव्ही फाइलवर दोनदा टिचकी मारून ती थेट एक्सेलमध्ये उघडण्याचा मोह टाळावा. एक्सेल दूरध्वनी क्रमांकाला संख्या समजते, त्यामुळे आरंभीचे शून्य आणि अधिकचे चिन्ह गळते, आणि लांब क्रमांक दशांशचिन्ह व घातांकाच्या रूपात दिसू लागतो. फाइल तशीच जतन केली की मूळ क्रमांक गेलाच. देवनागरी नावांचीही अशीच गत होते. यूटीएफ-८ या, अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते आणि एक्सेलने फाइल भलत्याच संकेतात उघडली की एका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र रोमन चिन्हे दिसतात. त्यामुळे रिकामी पाटी (स्प्रेडशीट) उघडून डेटा या मेनूतून फाइल आत घ्यावी, संकेत यूटीएफ-८ निवडावा आणि दूरध्वनीचा स्तंभ मजकूर म्हणून घोषित करावा. लिब्रेऑफिस हे एक्सेलसारखे मोफत सॉफ्टवेअर हे सगळे उघडतानाच विचारते, म्हणून मी तेच वापरतो. अगदी जुन्या फोनमधून काढलेल्या व्हीकार्ड फाइलीत नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हांनी जोडलेली आकड्या-अक्षरांची लांब माळ दिसली, तर नाव खराब झाले असे समजून ती नोंद फेकू नये. व्हीकार्डच्या २.१ या आवृत्तीत बिगररोमन मजकूर त्या पद्धतीने लिहिला जाई आणि बहुतेक पत्तावह्या आयात करताना तो अजूनही नीट वाचतात.

फाइल उघडली की पत्त्यातील ‘अॅट’ चिन्हानंतरचा भाग, म्हणजे डोमेन, वेगळ्या स्तंभात काढावा आणि त्या स्तंभाप्रमाणे क्रम लावावा. या एका कृतीने यादीचे स्वरूप लख्ख दिसते. जुन्या नोकरीतले पत्ते एकत्र येतात, बंद पडलेल्या सेवांचे एकत्र येतात, दुकाने आणि बँकांची यंत्रखाती एकत्र येतात. ‘नोरिप्लाय’, ‘नोटिफिकेशन’, ‘बाउन्स’ अशा शब्दांनी सुरू होणारे पत्ते आणि ज्यांच्या पहिल्या भागात वीस-तीस अक्षरांची अर्थहीन रांग आहे असे पत्ते डोळे झाकून काढता येतात. अशी रांग असलेले पत्ते बहुधा जाहिरातींच्या संकेतस्थळांनी एकेका व्यवहारापुरते तयार केलेले तात्पुरते पत्ते असतात. टंकताना ‘जीमेल’मधली अक्षरे मागेपुढे झालेले पत्तेही इथेच दिसतात. ते आधी काढावेत, कारण तशी चुकलेली डोमेने कोणीतरी मुद्दाम विकत घेऊन ठेवलेली असतात.

दुबार नोंदींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नोंदी एकत्र करणारी तयार ‘मर्ज’ सोय तिथे अर्धेच काम करते. जीमेलच्या पत्त्यात पहिल्या भागातल्या टिंबांना काही अर्थ नसतो, म्हणजे टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकाच खात्याचा असतो. अधिकच्या चिन्हापुढे जोडलेला शब्दही पत्र त्याच खात्यात नेतो. परंतु टिंबांचा हा नियम जीमेलच्या स्वतःच्या डोमेनपुरता आहे. एखाद्या संस्थेच्या डोमेनवर टिंबाने दोन वेगळी माणसे होऊ शकतात, त्यामुळे सरसकट टिंबे पुसून तुलना करू नये. मोठ्या आणि लहान लिपीतले रोमन अक्षर मात्र व्यवहारात सगळीकडे एकच धरले जाते. जिथे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये आहे तिथे यंत्राला साम्य कळण्याची शक्यता कमी, तेव्हा दूरध्वनी क्रमांकाचे शेवटचे आकडे जुळवून पाहावेत. याउलट, नवरा-बायकोने एकच पत्ता वापरलेला असेल तर यंत्र दोघांना एकत्र करून टाकण्याचा सल्ला देते आणि तो मान्य केला की एकाचे नाव व वाढदिवस दुसऱ्यात विरघळतात. म्हणून ‘सर्व एकत्र करा’ हे बटण दाबू नये. सुचवलेल्या जोड्या एकेक करून पाहाव्यात.

प्रतिसाद : पत्रपेटी

डोमेनप्रमाणे क्रम लावण्याची युक्ती फारच कामाची ठरली, एका बैठकीत यादी अर्ध्यावर आली. आता खऱ्याखुऱ्या माणसांचे पत्ते उरले आहेत आणि त्यांतले चालू कोणते हे कळत नाही. सर्वांना एक छोटेसे ‘आपली यादी अद्ययावत करत आहे’ असे पत्र पाठवून कोणाकडे पोहोचते ते पाहावे, असे मनात आहे.

प्रतिसाद : सर्व्हरखोली

कृपया तसे करू नये. शेकडो जुन्या पत्त्यांवर एकदम पत्र पाठवणे ही स्पॅम पाठवणाऱ्याची चाल आहे आणि तुमचे खाते तसेच वागताना दिसले तर सेवा देणारी कंपनी काही काळ पाठवणे बंद करू शकते. व्यक्तिगत जीमेल खात्याला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे. शिवाय, पत्र परत न येणे म्हणजे पत्ता योग्य असणे, हे गृहीतकच चुकीचे आहे, ते कसे हे खाली सांगतो.

परत आलेल्या पत्रातला मजकूर बहुतेक जण वाचतच नाहीत, वास्तविक तिथेच खरी माहिती असते. ५ ने सुरू होणारा तीन आकडी संकेत म्हणजे कायमचा नकार आणि ४ ने सुरू होणारा म्हणजे तात्पुरता. त्यापुढे टिंबांनी तोडलेला दुसरा संकेत असतो आणि निर्णय त्यावर करावा. ५.१.१ म्हणजे असे खाते त्या ठिकाणी नाही, ५.१.२ म्हणजे ते ठिकाणच सापडले नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, आणि ५.७.१ म्हणजे तुमचे पत्र धोरणामुळे नाकारले. पहिल्या दोन संकेतांवर पत्ता काढावा. पेटी भरलेली असणे हे बहुधा टाकून दिलेल्या खात्याचे लक्षण असले तरी दूरध्वनी करून खात्री करता येते. चौथ्या प्रकारात मात्र पत्ता बहुधा जिवंत असतो, दोष पाठवणाऱ्याच्या बाजूला असतो, आणि नेमके हेच पत्ते लोक ‘बाउन्स झाला’ म्हणून उडवून बसतात. तात्पुरत्या नकारावर काही करण्याची गरज नसते. पाठवणारा सर्व्हर सर्वसाधारणपणे चार-पाच दिवस स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मगच हात टेकतो.

हे संकेत मिळवण्यासाठी नवे पत्र पाठवण्याचीही आवश्यकता नाही. तुमच्या पेटीत ‘मेलर डीमन’ (mailer-daemon) या नावाने आलेली पत्रे शोधा. इतक्या वर्षांत परत आलेले प्रत्येक पत्र तिथे आपला पत्ता आणि संकेत घेऊन बसलेले असते.

आता गृहीतकाविषयी. पूर्वी सर्व्हरला ‘हा पत्ता तुझ्याकडे आहे का’ असे थेट विचारण्याची आज्ञा होती, परंतु स्पॅमवाल्यांनी तिचा गैरवापर केल्यामुळे बहुतेकांनी ती बंद केली. काही संस्थांचे सर्व्हर त्यांच्या डोमेनवर कोणत्याही नावाने आलेले पत्र निमूटपणे स्वीकारतात. काहींनी नोकरी सोडलेल्याची टपाल त्याच्या जागी आलेल्याकडे वळवलेली असते. पत्र पोहोचले, पण तुमच्या मित्राकडे नव्हे.

सर्वांत नाजूक प्रकार पुन्हा वाटलेल्या पत्त्यांचा. याहूने २०१३ मध्ये किमान बारा महिने न वापरलेली खातेनावे नव्या लोकांना देण्यास सुरुवात केली आणि काही नव्या मालकांना जुन्या मालकांची पत्रे मिळू लागली, त्यांत खासगी स्वरूपाचीही होती. त्यावर उपाय म्हणून याहू आणि फेसबुक येथील अभियंत्यांनी पत्राच्या शिरोभागात ‘अमुक तारखेपासून हा पत्ता याच माणसाचा असेल तरच द्या’ अशी अट घालण्याची पद्धत सुचवली आणि २०१४ मध्ये ती आरएफसी ७२९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली, परंतु सामान्य पत्रलेखकाच्या हाती ती कधी आली नाही. गूगलने दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती डिसेंबर २०२३ पासून काढायला सुरुवात केली, मात्र काढलेले जीमेल नाव दुसऱ्या कोणाला मिळत नाही, त्यामुळे तिथे निदान भलत्याच माणसाच्या हाती पडण्याची भीती नाही. छोट्या कंपन्या आणि संस्थांच्या डोमेनचे भाडे थकले की ते डोमेन कोणीही घेऊ शकतो आणि मग त्यावरच्या सगळ्या जुन्या नावांनी येणारी पत्रे वाचू शकतो. म्हणून पाच-सात वर्षांत ज्यांच्याकडून एकही ओळ आली नाही, असे संस्थांच्या डोमेनवरचे पत्ते मी चालू असले तरी काढावेत या मताचा आहे.

चालू की बंद यापेक्षा, या पत्त्यावरून मला शेवटचे पत्र कधी आले, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. शोधखिडकीत ‘फ्रॉम’ आणि कोलनच्या चिन्हापुढे (from:) पत्ता लिहिला की ती तारीख मिळते. ‘टू’ लावून शोधू नये, कारण तुम्ही पाठवलेले पत्र त्या माणसाविषयी काहीच सांगत नाही.

प्रतिसाद : निवांत

सर्व्हरखोली यांचा प्रतिसाद वाचून माझे मत बरेच बदलले. परंतु पाच-सात वर्षांचा निकष सर्वांना लावू नये. काही माणसे पत्र लिहीत नाहीत, पण अडीनडीला त्यांनाच गाठायचे असते: जुने शिक्षक, घर विकत देणारा मालक, दूरचे नातेवाईक. त्यांचा ईमेल बंद पडला असला तरी नोंदीत दूरध्वनी आणि घरचा पत्ता असतो. अशा वेळी नोंद ठेवून तिच्यातला फक्त मृत ईमेल पुसावा.

प्रतिसाद : उंबरठा

इथपर्यंत चर्चेत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे निधन झालेल्या माणसांच्या नोंदी. वीस वर्षांच्या यादीत त्या असतातच, आणि साफसफाई तिथे येऊन अडते. संपर्कात जन्मतारीख लिहिलेली असल्यास दिनदर्शिका दरवर्षी वाढदिवसाची आठवण करून देते, टंकताना नाव वर येते, आणि घाईत गटपत्र पाठवताना ते त्यांच्याही पत्त्यावर जाते. ते खाते घरातले कोणी पाहत असेल तर सहलीचे आमंत्रण वाचून त्यांना काय वाटेल, हे सांगायला नको.

पुसून टाकणे आणि तसेच ठेवणे याखेरीज तिसरा मार्ग आहे. नोंदीतला ईमेल पत्ता कापून खालच्या टिपणाच्या रकान्यात चिकटवावा, जन्मतारीखही तिथेच हलवावी आणि नोंदीला एक वेगळे लेबल लावावे. टिपणातला पत्ता टंकताना सुचवला जात नाही, दिनदर्शिका गप्प राहते, आणि जुनी पत्रे शोधायची झाल्यास पत्ता हाताशी असतो. ज्यांच्याशी संबंध तुटले आहेत, पण कायदेशीर किंवा व्यावहारिक कारणाने पत्रव्यवहार जपावा लागतो, त्यांच्यासाठीही मी हेच करते. संपर्क काढला म्हणून पेटीतली पत्रे जात नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्या भीतीपोटी ते काहीच काढत नाहीत.

प्रतिसाद : सूत्रधार

दोनशे जणांच्या गटाविषयी लिहितो, कारण अशाच एका गटाची यादी माझ्याकडे असते. व्यक्तिगत पत्तावही तुमची स्वतःची आहे, तिथे कोणाला ठेवायचे हे तुम्ही ठरवता. गटाच्या यादीत राहायचे की नाही हे ज्याचा पत्ता आहे त्याने ठरवायचे असते. म्हणून ती यादी पत्तावहीतल्या लेबलावर न ठेवता वेगळ्या पाटीत ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे पत्ता कोठून आला, होकार केव्हा मिळाला आणि शेवटचे उत्तर केव्हा आले, असे स्तंभ असावेत.

ज्यांनी ‘मला पत्रे नकोत’ असे कळवले त्यांना यादीतून पुसून टाकू नये, हे ऐकायला उलटे वाटेल. पुसल्यावर त्यांच्या नकाराची खूणही पुसली जाते, आणि उद्या दुसऱ्या सहकाऱ्याने आपली जुनी यादी दिली व तुम्ही ती जोडली की तीच माणसे पुन्हा आत येतात. नकार देणाऱ्यांचा स्वतंत्र तक्ता ठेवावा आणि कोणतीही नवी यादी जोडण्यापूर्वी तिच्यातून तो तक्ता वजा करावा.

होकार नव्याने घ्यायचा तर पंचवीस-तीस जणांच्या तुकड्या करून, पत्ते गुप्तप्रतीच्या (बीसीसी) रकान्यात टाकून, पत्र पाठवावे. पत्रात आपण कोण, त्यांचा पत्ता आपल्याकडे का आहे आणि पुढे पत्रे हवी असल्यास केवळ ‘हो’ एवढे उत्तर द्यावे, असे तीन-चार ओळींत लिहावे. ज्यांचे उत्तर येत नाही त्यांना एकदाच स्मरण द्यावे आणि मग वगळावे. मौनाला मी नकार समजतो.

मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले आहेत. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलला पाठवणाऱ्याने एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय द्यावी, ती विनंती दोन दिवसांत पाळावी आणि स्पॅम म्हणून तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याखाली ठेवावे, असे ते सांगतात. दोनशेच्या गटाला हा आकडा लागू नाही, परंतु ज्यांना पत्रे नको आहेत ते ‘स्पॅम’चे बटणच दाबतात आणि त्याचा परिणाम तुमच्या इतर पत्रांवर होतो, एवढे तत्त्व तेच आहे.

प्रतिसाद : निवांत

मौन म्हणजे नकार, हे मला कठोर वाटते. अशा गटांत कित्येक जण वर्षानुवर्षे उत्तर देत नाहीत, तरी प्रत्येक पत्र मन लावून वाचतात आणि स्नेहमेळाव्याला सर्वांच्या आधी हजर असतात. त्यांना वगळण्यापूर्वी पत्र उघडले गेले की नाही, हे मोजून पाहता येणार नाही का?

प्रतिसाद : सूत्रधार

उघडल्याची मोजणी पत्रात दडवलेल्या सूक्ष्म चित्रावर चालते, आणि तिचा भरवसा आता राहिलेला नाही. अॅपलने २०२१ मध्ये आपल्या मेल अॅपमध्ये आणलेली गोपनीयतेची सोय चालू असली की चित्रे परस्परच आधी उतरवली जातात, त्यामुळे न वाचलेले पत्रही वाचलेले दिसते. ज्यांनी चित्रे दाखवणे बंद ठेवले आहे त्यांच्या बाबतीत उलट होते. शिवाय, जुन्या सहकाऱ्यांवर असे गुपचूप लक्ष ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्या मुद्द्यात तथ्य आहे हे मान्य करून एवढीच भर घालतो की दोनशेच्या गटात उत्तर न देणारे साठ-सत्तर असतील आणि त्यांना गटातल्या दोघा-तिघांनी वाटून घेऊन दूरध्वनी करणे अशक्य नाही. दूरध्वनीवरचा होकारही पाटीत नोंदवता येतो.

प्रतिसाद : पत्रपेटी

सर्वांचे मनापासून आभार. काम बरेच पुढे गेले आहे. ‘इतर संपर्क’मधून पत्रे परत आलेले पत्ते आणि यंत्रखाती काढली, उंबरठा यांनी सुचवल्याप्रमाणे काही नोंदींतले पत्ते टिपणात हलवले आणि गटाची पाटी वेगळी केली. दूरध्वनीची कल्पना गटातल्या दोघांना आवडली आहे, त्यांनी आपापली नावे वाटूनही घेतली. दोन शंका उरल्या आहेत. एक तयार अॅपांची आणि दुसरी फोनची. संगणकावर काढलेल्या काही नोंदी फोनवर अजून दिसत आहेत.

प्रतिसाद : आकडेमोड

फोनवर दिसणाऱ्या नोंदी बहुधा दुसऱ्या खात्यातल्या असाव्यात. फोनची पत्तावही ही ईमेल खाते, फोनची स्वतःची स्मृती, सिमकार्ड आणि एखादे संदेशांचे अॅप अशा तीन-चार ठिकाणच्या नोंदी एकत्र करून दाखवते. सेटिंग्जमध्ये एका वेळी एकच खाते दाखवण्याचा पर्याय असतो, तो लावून कोणती नोंद कुठली आहे हे पाहावे. त्याच वेळी नव्या नोंदी कोणत्या खात्यात जातील हेही निश्चित करावे, म्हणजे यापुढे त्या विखुरणार नाहीत. एकाच खात्याशी जोडलेल्या सर्व उपकरणांवर मात्र नोंद एका ठिकाणी काढली की सगळीकडून जाते, तेव्हा ‘फक्त फोनमधून काढतो’ या समजुतीने कोणी काही पुसू नये.

तयार अॅपांविषयी माझे मत स्पष्ट आहे. संपर्क वाचण्याची परवानगी दिली की चार हजार लोकांची नावे, क्रमांक आणि जन्मतारखा त्या अॅपकडे जातात, आणि त्या लोकांना कोणी विचारलेले नसते. दुबार नोंदी शोधण्याची सोय गूगलच्या संपर्कयादीत आहे, आयफोनमध्येही आयओएस १६ पासून आली आहे. तेवढ्याने व एका पाटीने भागत असताना बाहेरच्याला दार उघडू नये. पूर्वी कधी परवानगी दिलेली असल्यास खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ती काढून घ्यावी.

प्रतिसाद : सर्व्हरखोली

यादीत तुमचे स्वतःचे जुने पत्ते असतील तर त्यांकडे थांबून पाहावे. बँक, सरकारी सेवा किंवा दुसऱ्या एखाद्या ईमेल खात्यावर पासवर्ड परत मिळवण्यासाठी म्हणून तोच जुना पत्ता दिलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो पत्ता बंद पडलेला असेल तर त्या ठिकाणी जाऊन आधी नवा द्यावा. पुन्हा वाटल्या जाणाऱ्या नावांविषयी जे वर लिहिले ते तुमच्या जुन्या नावालाही लागू आहे.

प्रतिसाद : तळटीप

शेवटी राहिलेले एक काम. गूगलच्या संपर्कयादीत काढलेल्या नोंदी तीस दिवस कचऱ्याच्या पेटीत राहतात आणि संपूर्ण यादीही मागच्या तीस दिवसांतल्या कोणत्याही क्षणाच्या स्थितीत परत नेता येते. त्यामुळे महिनाभर नेहमीसारखा पत्रव्यवहार करावा आणि काही अडले नाही तरच आकडेमोड यांनी सांगितलेल्या कामाच्या सीएसव्ही प्रती काढून टाकाव्यात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, संगणकाच्या डेस्कटॉपवर आणि स्वतःलाच पाठवलेल्या पत्राच्या जोडपत्रात अशा मिळून त्या चार-पाच तरी निघतील. व्हीकार्डची एक प्रत पासवर्ड लावलेल्या फाइलीत ठेवली की पुरे.